वायरलेसवर नंबर गेला, कारण गेलं नाही: जॉर्जियातल्या एका पाठलागाचं प्रकरण

२९ मार्च २००१ ची रात्र. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या नैर्ऋत्येला असलेल्या कोवेटा काउंटीत एक कॅडिलॅक गाडी ताशी ७३ मैलांनी चालली होती. त्या रस्त्यावर मर्यादा होती ५५ मैलांची. आपल्या हिशेबाने सांगायचं, तर साधारण नव्वदीच्या रस्त्यावर गाडी एकशे सतराने धावत होती. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखालच्या एका डेप्युटीने ते टिपलं आणि मागे लागून दिवे लावले. गाडीत १९ वर्षांचा एक तरुण होता. तो थांबला नाही. त्याने वेग वाढवला.

डेप्युटीने वायरलेसवर कळवलं की एक गाडी पळून चालली आहे आणि मी तिच्या मागे आहे. गाडीचा नंबरही सांगितला. ती गाडी आपण मुळात कशासाठी थांबवत होतो, हे मात्र सांगितलं नाही.

या प्रकरणाबद्दल वाचत गेलो तसतसं माझं मन याच एका गोष्टीत अडकून राहिलं. पुढच्या सहा मिनिटांत जे घडलं, आणि पुढच्या सहा वर्षांत न्यायालयांनी त्यावर जो खल केला, त्याचं मूळ मला इथेच दिसतं. मागे लागलेल्या पोलिसांना गाडी कोणती ते माहीत होतं. ती का पकडायची, हे एकालाच माहीत होतं.

वायरलेसवरचा संदेश ऐकून टिमथी स्कॉट नावाचा दुसरा डेप्युटी पाठलागात सामील झाला. मूळ मामला वेगमर्यादेचा आहे, याची त्याला कल्पना नव्हती. आता त्याच्या जागी आपण आहोत असं समजा. रात्रीची वेळ आहे, सहकाऱ्याचा आवाज वर चढलेला आहे, कुणीतरी जिवाच्या आकांताने पळतंय. अशा वेळी पोलिसाच्या मनात चोरी, दरोडा, अपहरण असंच काहीतरी येणार. वेगाची पावती टाळायला कुणी इतकं पळत असेल, हे सहसा मनात येत नाही. त्यामुळे स्कॉट या माणसाला मी खलनायक मानत नाही. त्याला अर्धीच माहिती देऊन पुढे पाठवलं गेलं होतं.

दोन पदरी रस्त्यावरून पाठलाग सुरू राहिला. वेग ८५ मैलांच्या वर, म्हणजे ताशी १३७ किलोमीटरच्या पुढे गेला. पुढे पीचट्री सिटी हे गाव लागलं. तिथे तो तरुण एका शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये वळला. दुकानं बंद होती, जागा रिकामी होती. पोलिसांच्या गाड्यांनी त्याला जवळजवळ कोंडीत पकडलंच होतं. तो झटक्यात वळला, त्याची गाडी स्कॉटच्या गाडीला घासून गेली आणि तो पुन्हा रस्त्यावर आला. यानंतर स्कॉटने पुढचं स्थान मागून घेतलं. माझ्या गाडीचं तसंही नुकसान झालंच आहे, आता मला पुढे जाऊ द्या, असं त्याचं म्हणणं होतं.

पाठलाग सुरू होऊन सहा मिनिटं झाली होती, जवळजवळ १० मैल अंतर कापून झालं होतं. स्कॉटने वायरलेसवरून वरिष्ठाकडे एका युक्तीची परवानगी मागितली. पळणाऱ्या गाडीच्या मागच्या भागाला नेमक्या कोनातून ढकलायचं, म्हणजे ती गरकन फिरून जागच्या जागी थांबते. अमेरिकेत पोलिसांना ही युक्ती शिकवली जाते. पाठलाग कशावरून सुरू झाला, वरिष्ठाने विचारलं नाही. उडव त्याला, अशा अर्थाची परवानगी दिली. प्रत्यक्ष त्या क्षणी स्कॉटला वाटलं की त्या युक्तीच्या मानाने वेग फार आहे. म्हणून त्याने आपल्या गाडीचा पुढचा बंपर सरळ कॅडिलॅकच्या मागे टेकवला आणि धक्का दिला. कॅडिलॅक रस्ता सोडून उतारावरून खाली गेली, उलटली, चेपली. तरुण वाचला. पण त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले.

न्यायालयात

त्याने स्कॉटवर दिवाणी दावा लावला. दाव्याचा आधार होता अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती. सरकारने माणसाला अवाजवी रीतीने पकडू नये, असं ती सांगते. धक्का देऊन गाडी थांबवणं हेही कायद्याच्या भाषेत ‘पकडणं’च असतं. प्रश्न एवढाच होता की ते वाजवी होतं का. स्कॉटचं म्हणणं होतं की मी सरकारी अधिकारी म्हणून काम करत होतो, माझ्यावर हा खटला चालूच नये. जिल्हा न्यायालयाने ते मान्य केलं नाही. २००५ साली अपिलाच्या न्यायालयानेही केलं नाही. रस्ते बहुतांशी मोकळे होते, तरुणाचा गाडीवर ताबा होता, इतरांना खरा धोका फारसा नव्हता, अशी तरुणाची बाजू त्यांनी त्या टप्प्यापुरती धरून चालली आणि हे सगळं ज्यूरीसमोर, म्हणजे सामान्य नागरिकांच्या मंडळासमोर, जाऊ दे असं सांगितलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २००७ रोजी ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ या नावाने (हॅरिस हे त्या तरुणाचं आडनाव) निकाल लागला, आठ विरुद्ध एक असा, स्कॉटच्या बाजूने. निकालपत्र न्यायमूर्ती अँटनिन स्कालिया यांचं होतं.

पोलिसांच्या गाड्यांत कॅमेरे होते आणि सगळा पाठलाग चित्रित झाला होता, हे या निकालाचं वेगळेपण. स्कालियांनी लिहिलं की चित्रफीत स्वतःच काय ते बोलेल. न्यायालयाने ती आपल्या संकेतस्थळावर ठेवली. अपिलाच्या न्यायालयाने रंगवलेलं चित्र आणि फितीत दिसणारं चित्र यांचा मेळ बसत नाही, असं बहुमताने म्हटलं. त्यांना दिसलं ते असं: डझनाहून जास्त गाड्यांना वळसे घालत जाणारी कॅडिलॅक, दुहेरी पिवळी रेघ ओलांडून समोरच्या बाजूला घुसणं, लाल दिवे तोडणं, दोन्ही बाजूंच्या गाड्यांना रस्त्याच्या कडेला जावं लागणं. यात वाद घालण्यासारखं तथ्यच उरत नाही, मग ज्यूरी कशाला, असा त्यांचा निष्कर्ष.

पुढचा युक्तिवाद जोखमीच्या तराजूचा होता. एका पारड्यात पळणाऱ्याचा जीव, दुसऱ्यात रस्त्यावरच्या अनेकांचे जीव. केवळ संख्या मोजायची नाही, दोष कुणाचा हेही पाहायचं. धोका त्याने आपणहून निर्माण केला, बाकीच्यांनी काही केलेलं नव्हतं. म्हणून धक्का वाजवी.

पोलिसांनी पाठलाग सोडून दिला असता तर? स्कालियांनी हा प्रश्नही घेतला. त्यांची दोन उत्तरं होती. एक, धक्क्याने धोका नक्की संपणार होता, पाठलाग सोडल्याने संपलाच असता याची खात्री नव्हती. मागचे दिवे दिसेनासे झाले म्हणून तरुणाने वेग कमी केलाच असता असं नाही, पोलीस दुसऱ्या वाटेने पुढे येतायत असंही त्याला वाटू शकलं असतं. दुसरं उत्तर जास्त जड आहे. लोकांचा जीव धोक्यात येईल इतक्या बेदरकारपणे जो पळेल त्याला सोडून द्या, असा नियम झाला तर प्रत्येक पळणारा तेच करेल. बेदरकारपणाच्या बळावर शिक्षेतून सुटका कमावण्याचं आमंत्रण राज्यघटना देत नाही, असं त्यांनी लिहिलं.

हा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही. पळपुट्याला बक्षीस मिळू नये असं मलाही मनापासून वाटतं.

एकटे विरोधात गेले न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स. तेव्हा त्यांचं वय ८७ होतं. तीच चित्रफीत त्यांनी पाहिली आणि त्यांना वेगळं दिसलं. गाड्या कडेला गेल्या त्या घाबरून नव्हे. मागून दिवे आणि सायरन आला की रुग्णवाहिकेला वाट देतात, तशा त्या बाजूला झाल्या. पार्किंगची जागा रिकामी होती. तरुण पुढच्या गाड्यांना ओलांडताना इंडिकेटर देत होता. फितीवर विजेसारखे लखलखाट दिसतात ते समोरून येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट आहेत, त्यांनी माझे सहकारी विनाकारण धास्तावले असावेत, असं त्यांनी तळटिपेत लिहिलं. दोन पदरी रस्त्यावर समोरून गाडी येत असताना पुढच्या संथ गाडीला ओलांडायचं की नाही, हे क्षणात ठरवत ज्यांनी गाडी शिकली असती, त्यांनी ही फीत जास्त शांतपणे पाहिली असती, असंही ते म्हणाले. आपल्या घाटात, एसटीच्या मागे अडकून ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

स्टीव्हन्स यांनी आणखी एक गोष्ट मांडली, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. गाडीचा नंबर पोलिसांकडे होता. पाठलाग थांबवून त्या तरुणाला नंतर गाठता आलं असतं.

निकालानंतर डॅन कहान, डेव्हिड हॉफमन आणि डोनाल्ड ब्रेमन या तीन अभ्यासकांनी तीच चित्रफीत १,३५० अमेरिकी लोकांना दाखवली आणि २००९ साली आपले निष्कर्ष ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त छापले. बहुतेकांचं मत न्यायालयासारखंच पडलं. पण सगळीकडे सारखं नाही. कृष्णवर्णीय, कमी उत्पन्नाचे, ईशान्येकडच्या राज्यांत राहणारे आणि उदारमतवादी लोक तुलनेने तरुणाच्या बाजूला झुकले. पाठलाग करण्याइतकं हे प्रकरण मोठं होतं का, या प्रश्नावर तर ही फूट अधिक उघड झाली. फीत एकच, पण पोलिसांचा दिवा मागे लागला की काय होतं याचा ज्याचा त्याचा अनुभव वेगळा. म्हणून हे ज्यूरीपुढे जायला हवं होतं, असं माझंही मत आहे. नऊ न्यायमूर्तींपैकी आठांना एकच अर्थ दिसला, म्हणून दुसरा अर्थ संभवतच नाही असं ठरत नाही.

कुठला क्षण तपासायचा

समजा मी सहाव्या मिनिटाला त्या रस्त्यावर उभा आहे. गाडी दीडशेच्या घरात धावते आहे, समोरून एखादं कुटुंब येत असेल. त्या क्षणी स्कालियांचा तराजू मला पटतो. धक्का देणाऱ्याला मी दोष देणार नाही.

पण तो क्षण आभाळातून पडलेला नव्हता. सहा मिनिटांपूर्वी रस्त्यावर काय होतं? एक तरुण, मर्यादेपेक्षा १८ मैल जास्त वेगाने जाणारा. ते चूकच. पण दररोज लाखो लोक करतात अशी, दंडाने निकालात निघणारी. डझनभर गाड्यांना वळसे, तोडलेले लाल दिवे, पार्किंगमधली झटापट हे सगळं पाठलाग सुरू झाल्यावरचं आहे. धोक्याचा मोठा भाग दोघांनी मिळून तयार केला. पळणाऱ्याचा वाटा मोठा, हे मान्य. पण मागे लागणाऱ्याचा वाटा शून्य धरायचा आणि मग वाढलेल्या धोक्याकडे बोट दाखवून धक्का रास्त ठरवायचा, हे मला न्याय्य वाटत नाही. न्यायालयाने सहावं मिनिट तपासलं. पोलीस खात्याने पहिलं मिनिट तपासायला हवं, कारण खऱ्या अर्थाने निवड करायला वेळ आणि वाव असतो तो तेव्हाच.

पहिल्या मिनिटाला तीन गोष्टी विचारायच्या असतात. हा कशासाठी हवा आहे? तो आत्ता निसटला तर कुणाच्या जिवावर बेतेल का? आणि नंतर सापडेल का? कोवेटा काउंटीत पहिल्याचं उत्तर वेगमर्यादा, दुसऱ्याचं नाही, तिसऱ्याचं बहुतेक हो, असं होतं. ही उत्तरं वायरलेसवर गेली असती, तर स्कॉट निघालाच नसता किंवा वरिष्ठाने त्याला थांबवलं असतं. निदान मला तरी तसं वाटतं.

यावर एक आक्षेप लगेच येतो. नंबरवरून गाडीचा मालक कळतो, चालवणारा कळत नाही. गाडी चोरीची असू शकते, पाटी बनावट असू शकते. खरं आहे. काही जण निसटतील. ती किंमत मी उघड्या डोळ्यांनी मान्य करतो, कारण पाठलागाची किंमत त्याहून मोठी आहे आणि ती बरेचदा तिसराच माणूस मोजतो: चौकात हिरव्या दिव्यावर निघालेला, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

दारूच्या नशेत वेडावाकडा चालवणारा हे मात्र खरोखर अवघड प्रकरण. इथे धोका पाठलागाच्या आधीपासून रस्त्यावर आहे. त्याला सोडून द्या म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही. तरी मागे लागल्याने नशेतला माणूस शहाणा होत नाही, तो आणखी पेटतो. मला इथे पक्का नियम सुचत नाही. अनुभवी वरिष्ठाने वायरलेसवर बसून, रस्ता किती भरलेला आहे, वेळ कोणती आहे हे पाहून मिनिटामिनिटाला निर्णय घ्यावा, आणि थांब म्हटलं की खालच्याने थांबावं, एवढंच म्हणू शकतो. मूल पळवून नेणारा किंवा गोळ्या झाडून निघालेला असेल तर मला शंका नाही. तिथे पाठलाग हवा.

त्यानंतर

पाठलागात सापडलेल्या त्रयस्थाला दाद कुठे मिळते, हे पाहिलं की काळजी वाढते. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोत एका मोटारसायकलचा पाठलाग वस्तीतून झाला. तो ७५ सेकंद चालला. मोटारसायकल पडली आणि मागून आलेली पोलिसांची गाडी तिच्यावर बसलेल्या १६ वर्षांच्या मुलाला धडकली. मुलगा दगावला. चालवणारा तो नव्हता, मागे बसलेला होता. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इजा करण्याचाच हेतू होता हे दाखवल्याशिवाय अशा मृत्यूसाठी राज्यघटनेखाली पोलिसाला जबाबदार धरता येणार नाही. असा हेतू कुठल्याही पाठलागात क्वचितच असतो. २०१४ साली याच मालिकेतला पुढचा निकाल लागला. आर्कान्सामधून सुरू होऊन मेम्फिसपर्यंत गेलेल्या पाठलागात पोलिसांनी १५ गोळ्या झाडल्या. चालक आणि त्याच्या शेजारी बसलेली व्यक्ती, दोघंही गेले. न्यायालयाने एकमताने पोलिसांची बाजू घेतली.

म्हणजे न्यायालयाच्या दारातून फारसं काही बदलणार नाही. बदलायचं ते खात्याच्या नियमांतून. तिथे अमेरिकेतली शहरं आणि राज्यं आजही पुढे-मागे होत आहेत. मिलवॉकीत निरपराध लोकांचे बळी गेल्यावर २०१० साली पाठलागाचे नियम कडक झाले आणि २०१७ साली पुन्हा सैल झाले. वॉशिंग्टन राज्याने २०२१ साली कायदा करून पाठलाग गंभीर गुन्हे आणि दारू पिऊन गाडी चालवण्यापुरता आखून दिला. २०२४ साली नागरिकांनी पुढे आणलेल्या प्रस्तावावरून तो बंध बराचसा निघाला. गाडीचोर मोकाट सुटलेत ही लोकांची तक्रार त्यामागे होती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. ज्याची गाडी रात्री दारातून गेली त्याला तराजूचं गणित सांगून समाधान होत नाही.

काही साधनं मधली वाट देतात. रस्त्यावर काटेरी पट्टी टाकून टायरची हवा हळूहळू काढता येते, हेलिकॉप्टरमधून वरून नजर ठेवता येते, पळणाऱ्या गाडीला जीपीएसचं चिकट यंत्र मारून मागे राहता येतं. हेलिकॉप्टर आणि जीपीएसचं यंत्र महाग पडतं, आणि काटेरी पट्टी टाकणाऱ्या पोलिसाचा स्वतःचा जीव धोक्यात येतो.

आपल्याकडे चित्र निराळं आहे, तरी धागा तोच. महाराष्ट्रात पोलिसांची मुख्य पद्धत नाकाबंदीची. मैलोन् मैल पाठलाग क्वचितच होतो. आपल्याकडे अनर्थ घडतो तो पहिल्या दहा-वीस मीटरमध्ये. हवालदार हात करतो, गाडी थांबत नाही, तो आडवा उभा राहतो आणि बॉनेटवर फरफटत जातो. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या वेळोवेळी येतात. २०१८ साली लखनौत याच्या उलट घडलं. रात्री गाडी थांबवली नाही म्हणून एका शिपायाने गोळी झाडली आणि एका खाजगी कंपनीच्या अधिकाऱ्याचा जीव गेला.

आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्येही आहे: अटकेसाठी लागेल ते बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवण्याचा अधिकार या कलमातून मिळत नाही. ‘कशासाठी हवा आहे’ हा प्रश्न आपल्या कायद्याने बळाच्या वापरालाच बांधून ठेवला आहे.

आणि आपल्याकडे ई-चलान आहे. पाटीचा फोटो निघतो, मालकाच्या मोबाइलवर दंडाचा संदेश येतो. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, वेग जास्त होता, या गोष्टींसाठी आज कुणाच्याही मागे धावायची गरज नाही, आणि कुणाच्याही बॉनेटसमोर उभं राहायची तर नाहीच. थकलेल्या चलानांचे ढीग ही वेगळी आणि खरी अडचण आहे. तिचं उत्तर वसुलीत शोधायला हवं, रस्त्यात नाही. नाकाबंदीवर नव्याने उभ्या राहणाऱ्या शिपायाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं जावं. न थांबलेल्या गाडीचा नंबर कंट्रोल रूमला कळवताना ती का थांबवत होतो तेही त्याच वाक्यात कळवायचं. आणि पुढच्या चौकीवर ऐकणाऱ्याला ते कळलं नसेल, तर त्याने जीपची किल्ली फिरवण्याआधी ते विचारून घ्यायचं.